व्हर्च्युअल मशीन हलवण्यापूर्वी मेमरीची पडताळणी

क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील चालू मशीन दुसऱ्या होस्टवर (मशीन ज्यावर चालते त्या प्रत्यक्ष संगणकावर) नेताना रॅम, मेमरी स्लॉट आणि मशीन टाइप (क्यूईएमयू मशीनला भासवते तो हार्डवेअरचा प्रकार) दोन्हीकडे तंतोतंत सारखे ठेवावेत.

ह्यूज पेजेस (मेमरीची नेहमीपेक्षा मोठ्या आकाराची पाने) वापरात असतील, तर मात्र खरी काळजी पुढेच आहे. नव्या होस्टवर रॅम मोकळी दिसली म्हणून भागत नाही. १६ जीबीच्या मशीनसाठी २ एमबीची ८,१९२ पेजेस आधीच राखलेली आणि मोकळी असावी लागतात, आणि मशीन विशिष्ट न्यूमा नोडशी (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटाशी) बांधलेले असेल, तर तीही त्याच नोडवर. ऐनवेळी राखायला गेल्यास, मेमरीचे तुकडे झालेले असल्याने, कर्नल मागणीपेक्षा कमी पेजेस देऊ शकते, तेही चकार शब्द न काढता. म्हणून नोडनिहाय मोकळ्या पेजेसचा आकडा वाचूनच मशीन हलवण्याचा आदेश द्यावा.

कॉपी चालू असताना मशीनने मेमरीतील पेजेस बदलण्याचा वेग नेटवर्कला झेपत नसेल, तर ऑटो-कन्व्हर्ज (मशीनचा प्रोसेसर मुद्दाम मंद करणारी सोय) सुरू करावे. मशीन काही काळ मंदावते, पण कॉपी पूर्ण होण्याची शक्यता वाढते.