यूएक्स रिसर्च करताना या चुका टाळा

नवख्या यूएक्स (युजर एक्सपीरियन्स, म्हणजे ॲप किंवा वेबसाइट वापरतानाचा अनुभव) डिझायनरांच्या केस स्टडी, म्हणजे त्यांनी केलेल्या कामाची मांडणी, वाचताना एकच गोष्ट सारखी खटकते. रिसर्च केलेला असतो, पण त्यामुळे डिझाइनमध्ये काहीच बदललेलं नसतं. याचं मूळ बहुतेक वेळा युजर टेस्टिंगमध्येच सापडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे युजरला मदत करणं. अपॉइंटमेंट बुक करायच्या एका ॲपची टेस्ट होती. टास्क साधा होता, घेतलेली वेळ बदलायची. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘सर्वांनी टास्क पूर्ण केला.’ ॲप बाजारात आलं आणि सपोर्टला फोन सुरू झाले, कारण वेळ बदलायची कुठून ते लोकांना सापडेना. काही जण आधीची अपॉइंटमेंट रद्द करून नवी घेत होते आणि तेवढ्यात हवी ती वेळ दुसऱ्याला जात होती. मी टेस्टची रेकॉर्डिंग्ज मागवली. तो पर्याय तीन ठिपक्यांच्या मेन्यूत दडलेला होता आणि युजर अडखळला की डिझायनर लगेच सांगत होता, “वर उजवीकडे बघा ना.” त्याचा हेतू चांगलाच होता. पण जे शोधायला बसलो, तेच त्याने झाकून टाकलं.

युजर थांबला की मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. “इथे दाबू का?” असं विचारलं, तर “मी इथे नसते तर काय केलं असतं?” एवढंच म्हणते. अगदीच सांगावं लागलं, तर तो टास्क ‘मदतीने पूर्ण’ म्हणून वेगळा नोंदवते. ती शांतता अवघड वाटते, पण जो ती सहन करत नाही त्याच्या निष्कर्षांवर माझा विश्वास बसत नाही.

“हे फीचर वापराल का?” हा प्रश्न तर विचारूच नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. “मागच्या वेळी हे काम कसं केलंत?” असं विचारा.

‘पाच युजर पुरतात’ हे वाक्यही अर्धवट पाठ केलं जातं. युझेबिलिटीचे (वापरसुलभतेचे) तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली पाच युजरांत सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात असं मांडलं, पण त्यांचा भर सापडलेलं दुरुस्त करून पुन्हा टेस्ट करण्यावर होता. शिवाय युजरांचे गट अगदी वेगळे असतील, तर प्रत्येक गटातली माणसं हवीत. घाईत एकदाच पाच जणांना गाठून ‘80 टक्के युजरांना आवडलं’ असं लिहिणं चूकच.

एसयूएस (सिस्टिम युझेबिलिटी स्केल) या वापरसुलभता मोजणाऱ्या प्रश्नावलीचा 68 हा स्कोअर म्हणजे 68 टक्के नव्हे, तो साधारण सरासरी मानला जातो. कल्पनेतून रचलेल्या पर्सोनाला, म्हणजे नमुन्यादाखल उभ्या केलेल्या युजरच्या चित्राला, ‘गृहीतक’ म्हणा. फिकट करड्या अक्षरांचा मोह आवरा. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा.

केस स्टडीत डबल डायमंडची (डिझाइन प्रक्रियेचे टप्पे दाखवणारी) आकृती नसली तरी मला चालते. आधीची स्क्रीन, तिथे युजर नेमका कुठे अडला आणि त्यानंतर बदललेली स्क्रीन, हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवा.