लॉ कॉलेजच्या पोरापोरींनो, वकिलीचं प्रॅक्टिकल शिक्षण आपल्याच तालुक्यात कसं घ्यायचं

परीक्षा संपल्या की गावाकडची लॉची लेकरं मला हमखास विचारतात, सर मुंबईला कुणाची ओळख आहे का, पुण्यात कुठल्या फर्मला शब्द टाकता का. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, की आधी आपलं कोर्ट, आपली तहसील अन् आपल्या गावच्या लोकांचे कागद नीट वाचायला शिका, मुंबई कुठं पळून जात नाही. मराठवाड्यात लॉ शिकणाऱ्याला दारात जे मिळतं ते मुंबईतल्या एसी ऑफिसात बसून मिळणार नाही हे मी मनापासून सांगतोय. फक्त ते घ्यायचं कसं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

आधी नियम बघून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि पूर्ण कोर्समध्ये एकदा तरी ट्रायल कोर्टातल्या आणि अपिलातल्या वकिलाकडं बसायचं असतं. शिवाय प्रॅक्टिकलचा एक अख्खा पेपर आहे. तीन मूट कोर्टचे म्हणजे सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्यांचे 30 मार्क, एक दिवाणी अन् एक फौजदारी केस कोर्टात बसून बघायची त्याचे 30, वकिलाकडं किंवा विधी सेवा कार्यालयात पक्षकाराची मुलाखत घेताना दोनदा बसायचं आणि डायरी लिहायची त्याचे 30, आणि तोंडीचे 10. हे शंभर मार्क कितीतरी लेकरं शेवटच्या आठवड्यात सिनियरची जर्नल उतरवून मिळवतात. मार्क मिळतातही, पण वकिलीत पुढं रोज जे करावं लागतं ते सगळं नेमकं त्या शंभर मार्कांतच असतं.

ऑनलाइन इंटर्नशिपचं पण सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका पोरीनं कुठल्याशा ऑनलाइन इंटर्नशिपला दोन हजार रुपये भरले, महिन्याभरात तिला दोन पीडीएफ आले अन् शेवटी रंगीत सर्टिफिकेट आलं. पुढं माझ्याकडं बसायला आली तेव्हा वकालतनाम्यावर कोर्टाचं नाव कसं लिहायचं इथंच अडली. हुशार पोरगी आहे, चूक तिची नव्हती, पण ते दोन हजार तिच्या वडिलांनी सोयाबीन विकून दिले होते.

तर पहिलं काम, कोर्टात जाऊन बसा. ओळख लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं. पोक्सो किंवा बलात्काराची केस बंद दाराआड चालते तेव्हा तेवढं बाहेर थांबायचं. मोबाईल बंद ठेवा, रेकॉर्डिंग अजिबात करू नका, मागच्या बाकावर बसा. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा टाय, काळा कोट एवढा विद्यार्थ्याचा ड्रेस, गळ्यातला पांढरा बँड अन् गाऊन सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळाल्यावर. सकाळी बाहेर लागलेला बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी वाचा, त्यातली एक दिवाणी आणि एक फौजदारी केस निवडा, तिचा सोळा आकड्या-अक्षरांचा सीएनआर नंबर लिहून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून ठेवा, म्हणजे पुढची तारीख घरी बसून कळते. दिवाणीत शक्यतो ज्या दाव्यात निशाणी 5 चा म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज ऐकायचा राहिलाय असा दावा धरा, कारण दाव्याचा सगळा जीव त्या एका युक्तिवादात ऐकायला मिळतो. फौजदारीत पुरावा सुरू असलेली केस धरा, नुसत्या तारखा पडणारी नको.

एक प्रसंग सांगतो. विहिरीवरची पाणबुडी मोटार चोरीला गेल्याची केस होती, पंच पिंजऱ्यात. सरतपासणीत म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं बरोबर सांगितलं. उलटतपासणीत वकिलानं साधंच विचारलं, पंचनामा कुठं लिहिला? म्हणला विहिरीवर. सही कुठं केली? पंच जरा थांबला अन् म्हणला, "ठाण्यात केली साहेब, दुसऱ्या दिवशी." सरकारी वकिलांनी हातातला पेन खाली ठेवला. माझ्या शेजारी बसलेला पोरगा तेव्हा बेअर ॲक्टमध्ये कलम शोधत होता. मी त्याला हळूच म्हणलं, कलम मग बघ, आधी जजसाहेब काय सांगायलेत अन् स्टेनो काय टाइप करायलाय ते ऐक. कारण साक्ष प्रश्नोत्तरासारखी उतरत नाही, ती "हे म्हणणे खरे आहे की" किंवा "हे म्हणणे खरे नाही की" अशी उतरते, आणि अपिलात वरचं कोर्ट पंचाचा चेहरा बघत नाही, ते हीच वाक्यं वाचतं. एका वाक्यात "नाही" राहून गेलं तरी केस फिरते. हे कान देऊन ऐकायला चार-पाच दिवस लागतात, मग आपोआप कळायला लागतं.

डायरी रोजच्या रोज लिहा. पानाच्या एका बाजूला काय झालं ते, दुसऱ्या बाजूला मला काय कळलं नाही ते. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, तीच संध्याकाळी सिनियरपुढं ठेवायची.

आता सिनियर कसा निवडायचा. नावाच्या पाटीवर जाऊ नका. ज्याच्याकडं दिवाणी-फौजदारी दोन्ही चालतं, जो स्वतः उलटतपासणी घेतो, आणि ज्याच्याकडं जुना मुरलेला मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून आहे असा बघा. मुन्शीला मी गुरूच मानतो. कोर्ट फी स्टॅम्प किती, नक्कल अर्ज कुठल्या टेबलावर, फाइलला कागद कुठल्या क्रमानं लावायचे, समन्स बेलिफाकडं कसं पोचतं, हे त्याच्याइतकं कुणालाच येत नाही. तिथं जाऊन सरळ बोला, "सर, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार आठवडे रोज येईन, फाइल बांधण्यापासून सांगाल ते करीन, फक्त मला कोर्टात सोबत न्या." बहुतेक जण हो म्हणतात. पोरींना चेंबरला एकटीला जायला अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा, किंवा एखाद्या वकील मॅडमकडं बसा, आता तालुक्यालाही चांगल्या प्रॅक्टिसवाल्या मॅडम आहेत. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा, पक्षकाराचा कागद, नाव, फोटो काहीही व्हॉट्सॲप स्टेटसला जाता कामा नये.

पक्षकाराशी बोलणं हा खरा अवघड विषय. आमच्याकडं म्हातारा शेतकरी येतो, हातात खताच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, फेरफार, खरेदीखत, लाइटबिल अन् लग्नाची पत्रिका सगळं एकत्र. तो सुरुवात करतो भावाच्या पोरानं परवा शिवी दिली तिथून, अन् खरं भांडण असतं वीस वर्षांपूर्वीच्या वाटणीचं. त्याला आधी दहा मिनिटं बोलू द्या, मधी तोडू नका. मग विचारा, "मामा, धुरा कोरला ते कोणत्या साली? तेव्हा रानात काय पेरलं होतं?" (धुरा म्हणजे शेताचा बांध.) तारीख आठवत नसली तरी पीक आठवतं, तूर होती की ज्वारी होती त्यावरून महिना निघतो. मग सगळे कागद तारखेनं लावा, एका कोऱ्या कागदावर तारीखवार यादी करा आणि कुठला कागद कमी आहे ते खाली लिहा. सिनियरच्या हातात अशी यादी दिली की पुढच्या वेळी ते तुम्हाला स्वतःहून बोलावतात.

जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. तिथं पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणजे विधी स्वयंसेवक घेतात, आणि सनद मिळेपर्यंत लॉचे विद्यार्थी त्यात बसतात. अर्ज करा, ट्रेनिंग ते देतात. बाया, लेकरं, एससी-एसटी, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो हे 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे, पण वाडी-तांड्यावर हे किती जणांना माहीतय विचारून बघा. 15100 हा हेल्पलाइन नंबर तुम्ही दहा घरांत पोचवला तरी मोठं काम झालं. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी तर जाच, साधारण वर्षातून चारदा असते, चेकच्या केसेस, अपघाताचे क्लेम, बँकेची थकबाकी एका दिवसात मिटताना दिसतात, कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. दोन भांडलेल्या माणसांना तडजोडीच्या आकड्यावर कसं आणतात हे तिथंच बघायला मिळतं.

तहसीलकडं लॉची पोरं फिरकत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. अहो, आपल्याकडचा अर्धा वाद शेतरस्त्याचा! वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार कोर्ट ॲक्ट 1906 चं कलम 5, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज लागतो. रस्ताच नाही, नवीन पाहिजे, तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143, तो हद्दीवरून म्हणजे धुऱ्यावरून मिळतो. या दोन्हीत गल्लत करून अर्ज केलेला शेतकरी कितीतरी वेळ नुसत्या तारखा खातो. सुनावणीला बसा, स्थळ पाहणीला तहसीलदार रानात जातात तेव्हा परवानगी काढून मागं जा, नकाशावरची रेघ आणि पायाखालचा चिखल दोन्ही एकदमच दिसतं. येताना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात तासभर थांबून हक्कसोड अन् बक्षीसपत्रात काय फरक पडतो तेही बघून घ्या.

आता आपल्या भागाचं खास. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं जुनी दप्तरं उर्दूत आणि मोडीत सापडतात. जमिनीच्या दाव्यात 1954 चं खासरा पाहणी पत्रक म्हणजे जमिनीची जुनी सरकारी नोंद निघते, कुळाच्या वादात हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा लागतो, अन् हे कॉलेजात फार ओझरतं शिकवतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मोडी अन् उर्दू वाचणारी माणसं किती कमी राहिलीत ते सगळ्यांना दिसलं. म्हणून सुट्टीत मोडी शिका, उर्दूची अक्षरं अन् आकडे तरी शिका, गावात एखादे जुने मास्तर किंवा काझीसाहेब असतील त्यांच्याजवळ बसा. ज्याला हे येतं त्याला सिनियर लोक शोधत येतात.

लिहायचा सरावही ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. दीडशे शब्दांत नेमकं मागायला लागलं की ड्राफ्टिंग आपोआप सुधारतं. मग चेक बाउन्सची नोटीस लिहा आणि कॅलेंडर समोर ठेवून दिवस मोजा, बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. पाच वेगवेगळ्या तारखा धरून पाच वेळा मोजा, पुढं चुकणार नाही.

मूटसाठी इंग्रजीची भीती असेल तर आधी होस्टेलच्या खोलीत मराठीत करा. विषय मी देतो. ललिता कुमारी निकालानं 2013 मध्ये दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर घ्यायलाच पाहिजे असं ठरवलं, आता 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173(3) आलंय, त्यात तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. मग गरीब फिर्यादीचं काय? एकानं फिर्यादीकडून बोला, एकानं पोलिसांकडून, तिसऱ्यानं जजसाहेब होऊन मधी अडवून प्रश्न विचारा. मग तेच इंग्रजीत.

ज्यांना जज व्हायचंय त्यांनी 20 मे 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, आता दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते आणि ती नोंदणी झाल्यापासून मोजतात, कॉलेजातली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. पण सनदेच्या पहिल्या दिवशी ज्याला कोर्ट ओळखीचं असतं त्याची ती तीन वर्षं कामाची जातात.

आणि वर्षातून दोन दिवस तरी संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात जा. 27 ऑगस्ट 1981 ला ते सुरू झालं, त्याआधी आपल्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. पोरींना एसटीला अर्धं तिकीट आहे, सकाळची पहिली गाडी पकडा. आदल्या रात्री वेबसाइटवर बोर्ड बघून आपल्या जिल्ह्यातनं गेलेलं एक अपील शोधून ठेवा आणि त्याचा पुकारा होईपर्यंत त्याच कोर्टरूममध्ये बसा. खाली आपल्याकडं सहा वर्षं चाललेल्या दाव्याबद्दल तिथं पहिलाच प्रश्न काय येतो तो डायरीत जसाच्या तसा लिहा, आणि सोमवारी तालुक्याला आल्यावर ती जुनी फाइल मुन्शीकडून काढून घेऊन त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या निशाणीत आहे ते शोधा.