बोटीवर गोडं पाणी कसं काढतात: सोलापूरच्या होतकरू पोरांसाठी

आमच्या सोलापुरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी, त्यामुळं मी बोटीवर इंजिनिअर होतो म्हटलं की गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला: "मग तिकडं पाणी कुठलं?" समुद्राचंच! आणि ते काढायचं यंत्र, फ्रेश वॉटर जनरेटर, बहुधा फोर्थ किंवा थर्ड इंजिनिअरच्याच गळ्यात पडतं.

मेन इंजिन थंड करून आलेलं जॅकेट वॉटर ८० अंशांच्या आसपास असतं. ही उष्णता फुकटची. एवढ्यावर पाणी उकळायचं तर कुकरच्या उलट करायचं: दाब वाढवण्याऐवजी उतरवायचा. आतली हवा ओढून काढणाऱ्या इजेक्टरनं ९० टक्क्यांवर व्हॅक्यूम (निर्वात) धरला की ४५-५० अंशांतच वाफ होते. सगळी मदार या व्हॅक्यूमवर.

म्हणून आधी समुद्राचं पाणी आत घेणारा सक्शन आणि बाहेर टाकणारा ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह उघडा, व्हॅक्यूम ब्रेकर (आत हवा सोडणारा व्हॉल्व्ह) घट्ट बंद करा, इजेक्टर पंप चालू करा, फीड (उकळायचं समुद्राचं पाणी) सोडा. गेज ९०वर स्थिर होईपर्यंत जॅकेट वॉटरला हात लावायचा नाही. मग त्याचे व्हॉल्व्ह उघडून बायपास (जॅकेट वॉटरची यंत्र टाळून जाणारी वाट) अगदी जरा-जरा आवळा, नजर इंजिनच्या तापमानावर. एकदम आवळलात तर ते तापमान ढळतं आणि कंट्रोल रूममधून सेकंड इंजिनिअरच्या शिव्या येतात.

आता काचेतून आत बघा. पाणी खदखदून वर उडत असेल तर खारे तुषार डेमिस्टर (तुषार अडवणारी जाळी) ओलांडून कंडेन्सरवर (वाफेचं पाणी करणाऱ्या भागावर) जातात. लगेच जॅकेट वॉटर कमी करा. दिवसाला दोन टन कमी निघाले तरी चालतं. टाकी खारट झाली तर अख्खी बोट तुमच्या नावानं बोंबलते.

डिस्टिलेट (तयार गोडं पाणी) उपसणारा पंप लावला की सॅलिनोमीटर (खारेपणा मोजणारं यंत्र) बघा. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. इथं साधारण १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) वर गेलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) पाणी टाकीत सोडत नाही. सुरुवातीला आकडा चढाच असतो, घाबरू नका. फीडमधला केमिकलचा डोस मात्र चुकवू नका, नाहीतर प्लेटांवर क्षार धरतात.

४५ अंशांत जंतू मरत नाहीत. त्यामुळं किनाऱ्यापासून २० सागरी मैलांच्या आत किंवा खाडीत यंत्र बंदच ठेवा. पिण्याच्या पाण्याला यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि मिनरलायझर (पाण्यात खनिजं मिसळणारा) हवाच. (आपल्याकडचे जारवाले वापरतात तो आरओ बोटींवरही असतो, पण समुद्राच्या पाण्याला ६० बारच्या आसपास दाब लागतो.)

बंद करताना आधी बायपास उघडून जॅकेट वॉटर तोडा. मग डिस्टिलेट पंप, मग इजेक्टर पंप. शेवटी व्हॅक्यूम ब्रेकर उघडा आणि ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह न विसरता बंद करा.