रत्नागिरीत भाड्याने ब्लॉक घेताय? या चुका टाळा

रत्नागिरीत मी पहिला ब्लॉक घेतला तो डिसेंबरात. शहराजवळच्या नाचणे गावात, सगळ्यात वरचा मजला, ताजा रंग, पश्चिमेला मोठी खिडकी. भाडं आजूबाजूपेक्षा हजारभराने कमी. दहा मिनिटांत टोकन देऊन मोकळा झालो. जुलैत त्याच पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे सुटले, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरली आणि मुलीची शाळेची सर्टिफिकेटं ओलीने एकमेकांना चिकटली. इथे घर स्वस्त पडलं की महाग, ते आधी जुलैत कळतं आणि मग मे महिन्यात.

म्हणून रंगावर जाऊ नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी बघा. एकाच भिंतीला नवा रंग दिसला, तर का दिलाय ते विचारा. कपाट जरा पुढे ओढून मागे डोकवा, खिडकीखालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली, तर पाणी आत मुरतंय. वरचा मजला असेल तर गच्चीवर चढाच. तिथे पत्र्याची शेड असली की निम्मी काळजी मिटते.

मालकाला विचारलंत तर 'कधीच गळत नाही' हेच ऐकायला मिळणार. विचारायचं ते समोरच्या दारात. आता राहतो ते घर बघायला आलो तेव्हा शेजारच्या काकूंना म्हटलं, "काकू, पावसात भिंत भिजते का हो?" त्या काही न बोलता मला आत घेऊन गेल्या आणि पलंगामागची भिंत दाखवली. कोरडी ठणठणीत. त्याच संध्याकाळी मी होकार कळवला.

दुसरी चूक पाण्याची. शहराला शीळ धरणाचं पाणी येतं, पण नाचणे, कुवारबाव, खेडशी, मिरजोळे या वेगळ्या ग्रामपंचायती आहेत. भाडं तिकडे कमी असतं, पण पाण्याची सोय प्रत्येक इमारतीची निराळी. विहीर आहे की बोअर, मे महिन्यात ती पुरते का, टँकर आणावा लागला तर पैसे मेंटेनन्समधून जातात की वेगळे, हे टोकन देण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं. मे महिन्यात टँकरची वर्गणी भरताना वाचवलेले हजार रुपये तिथेच गेले.

अंतराचंही तसंच. नोकरी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत किंवा स्टेशनाकडे असेल तर कुवारबाव खरंच स्वस्त पडतं. रोज बाजारपेठेत उतरायचं असेल तर आधी पेट्रोल आणि रिक्षाचा हिशेब मांडा.

करार मात्र तोंडी ठेवू नका, साध्या स्टँपपेपरवरही नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. 'खर्च फार येतो' म्हणून टाळाटाळ झाली तर हा हिशेब पुढे करा. भाडं ७००० रुपये, परत मिळणारं डिपॉझिट २०,०००, करार ११ महिन्यांचा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे २०० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी फार तर १००० रुपये. ऑनलाइन होतं, अंगठा लावायला माणूस घरी येतो. त्याची फी वेगळी, ती आणि बाकी खर्च मालकाशी निम्मानिम्म करून घ्या. माझ्या पहिल्या करारात डिपॉझिट कधी परत करायचं हे लिहिलेलंच नव्हतं, आणि ओल लागलेल्या भिंतीच्या रंगाचे पैसे माझ्याच डिपॉझिटमधून कापले गेले. पोपडे मी काढले नव्हते, पण तसं दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

म्हणून किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि बाथरूमच्या फरश्यांचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. लाइटचं मीटर स्वतंत्र आहे ना, मागचं बिल भरलंय ना, तेही बघा. शेवटचा फोटो मीटरच्या रीडिंगचा, आकडा नीट वाचता येईल असा.