उत्तर चुकलं की खोडरबर देऊ नका: गुणाकार-भागाकार घरी घेताना या चुका टाळा

मुलाचं गणित चुकलं की आपण म्हणतो, "खोड आणि परत कर." घरच्या अभ्यासातली ही सगळ्यात महागात पडणारी सवय. मूल नेमकं कुठं अडलंय, हे ते चुकलेलं उत्तरच सांगत असतं.

४८ गुणिले ७ घ्या. बरोबर उत्तर ३३६. वहीत २८६ दिसलं तर मूल हातचे ५ मिळवायला विसरलंय, एवढंच. ६३६ आलं तर त्यानं हातचे आधीच ४ मध्ये मिळवले आणि ९ ला ७ नं गुणलं. त्याला "आधी गुण, मग मिळव" हे तोंडानं म्हणत सोडवायला लावा. २८५६ आलं तर ५६ अख्खे लिहून शेजारी २८ मांडलेत. म्हणजे हातचा कशासाठी असतो तेच कळलेलं नाही. इथं सुटी नाणी आणि दहाच्या नोटा काढा. ५६ रुपयांच्या नाण्यांतून ५ नोटा होतात आणि ६ नाणी उरतात. त्या ५ नोटा म्हणजेच हातचा. आणि ३३४ आलं तर 'सात आठ्ठे' चुकलंय.

या चारांत पाढा कच्चा फक्त शेवटच्या मुलाचा आहे. तरी आपण चौघांनाही "सातचा पाढा दहा वेळा लिही" म्हणतो. पहिल्या तिघांवर हा अन्याय आहे, आणि त्यातूनच गणिताची नावड सुरू होते.

पाढे पाठ हवेतच, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पण ते फक्त ओळीनं म्हणून घेऊ नका. नाहीतर 'सात आठ्ठे' विचारलं की मूल 'सात एके सात'पासून गाडी सुरू करतं. मधूनच विचारा, उलटं विचारा: "छप्पन्नात सात किती वेळा?" भागाकाराची अर्धी तयारी इथंच होते.

काही मुलं तोंडी 'सात नव्वे त्रेसष्ट' बरोबर म्हणतात आणि लिहितात ३६. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, म्हणून ही गल्लत होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा बराच वाद झाला. घरी दोन्ही एकत्र म्हणा, "त्रेसष्ट, साठ तीन." त्यात नुकसान काहीच नाही.

भागाकार थेट वहीत सुरू करू नका. आपल्या सांगली भागात घरात मूठभर बेदाणे सहज सापडतात. ४७ बेदाणे ६ वाट्यांत सारखे वाटायला सांगा. प्रत्येकीत ७ येतात, ५ उरतात. हे हातानं झालं की मग मांडणी.

मांडणीत हमखास फसवणारं गणित म्हणजे ६१२ भागिले ६. उत्तर १०२, पण बरीच मुलं १२ लिहितात. १ ला ६ चा भाग जात नाही, तिथं शून्य द्यायचं राहून जातं. "शून्य विसरलास" असं लगेच सांगू नका. आधी विचारा, "६०० चे सहा वाटे केले तर एकेक केवढा?" शंभर म्हटल्यावर १२ कसे चालतील, हे त्याचं त्यालाच दिसतं. मग ताळा करायला लावा: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. हे भाज्याइतकं आलं की गणित बरोबर. ताळ्याची सवय लागली की आपल्याला शेजारी बसून बरोबर-चूक करत राहावं लागत नाही.

बाकी लिहून गणित संपलं असं समजणं हीही चूकच. १४ रुपयांत ३ रुपयांच्या पेन्सिली किती? चार, आणि २ रुपये उरतात. पण मिरज स्टेशनवर उतरलेले १४ पाहुणे सांगलीला आणायचेत आणि एका रिक्षात तिघं बसतात, तर रिक्षा पाच लागतील. भागाकार दोन्हीकडं तोच आहे, ४ आणि बाकी २. उरलेल्या दोघांचं काय करायचं, हे मुलालाच ठरवू द्या.