पीजीअ‍ॅडमिन ३ वरून ४ वर येताना बॅकअप कसा सांभाळावा

बडोद्यात रावपुरा आणि दांडिया बाजार भागातली दोन मराठी वाचनालयं, एक दवाखाना आणि एक पतपेढी, एवढ्यांचे पोस्टग्रेस डेटाबेस मी सांभाळतो. पोस्टग्रेस हा माहिती साठवणारा सर्व्हर प्रोग्रॅम, आणि त्यातली माहिती पडद्यावर पाहायचं-हाताळायचं साधन म्हणजे पीजीअ‍ॅडमिन. चारही ठिकाणी पीजीअ‍ॅडमिन ३ काढून ४ मीच बसवलं आणि चारही ठिकाणी एकच तक्रार ऐकली: "अहो, जुनंच बरं होतं. तेच परत टाका ना."

तक्रार खरी आहे. जुनं साधन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं होतं आणि क्लिक केलं की समोर हजर व्हायचं. २०१६ साली आलेलं नवं साधन पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये पहिल्यापासून नव्यानं लिहिलं गेलं. आतून ती एक वेबसाइटच आहे. जुन्या संगणकावर ती सावकाश उघडते, आणि तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी माझाही अंत पाहिला होता.

पण "३ परत टाका" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पीजीअ‍ॅडमिन ३ ची गाडी १.२२ वर थांबली. २०१७ मध्ये पोस्टग्रेस १० आलं, २०१९ मध्ये १२ आलं आणि प्रत्येक वेळी आतल्या सिस्टिम टेबलांची, म्हणजे पोस्टग्रेस स्वतःच्या नोंदी ठेवतं त्या टेबलांची, रचना बदलली. बाराव्या आवृत्तीत तर जुनं साधन ज्या रकान्यांवर विसंबून होतं त्यातले काही काढूनच टाकले. म्हणून जुन्या साधनातून नवा सर्व्हर उघडला की 'अमुक कॉलम अस्तित्वात नाही' अशा चुकांची रांग लागते. ती चौकट बंद करून काम चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. तुमच्या डेटाबेसचं अर्धंच चित्र दिसत असताना त्यात बदल करणं धोक्याचं आहे.

बसवणं आणि सर्व्हर जोडणं

इन्स्टॉलर उतरवा, चालवा. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (बहुधा ५४३२), युजर आणि पासवर्ड भरा. मास्टर पासवर्ड (साठवलेले पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा) विचारला तर तो नोंदवहीत लिहून ठेवा. विसरलात तर रीसेट करता येतो, पण साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात.

वेग वाढवणं

'फाइल' मेनूतून 'प्रेफरन्सेस' उघडा आणि डॅशबोर्डवरचे आलेख बंद करा. ते थोड्या थोड्या वेळानं सर्व्हरला आकडे विचारत राहतात आणि वाचनालयाला त्यांचा काही उपयोग नाही. डावीकडच्या झाडासारख्या यादीतले न लागणारे नोड, म्हणजे फांद्या, तिथेच बंद होतात. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवायला एफ ५ आणि ती कशी चालेल ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनला एफ ७, या सवयी मोडाव्या लागत नाहीत.

बॅकअप: इथे घाई करू नका

दांडिया बाजारातल्या वाचनालयात सर्व्हर ९.६ वरून १३ वर नेला. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ग्रंथपाल बाई डेटाबेसवर राइट क्लिक करून बॅकअप घ्यायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "हो दादा, रोज घेते. कोपऱ्यात निरोप येतो." मीही कधी फाइल उघडून पाहिली नाही. तिसऱ्या आठवड्यात हार्ड डिस्क गेली. पेन ड्राइव्हवर एकवीस फाइली होत्या, रोजची एक, आणि एकवीसच्या एकवीस शून्य बाइटच्या.

बाई रोज जो निरोप वाचत होत्या तो होता 'बॅकअप जॉब क्रिएटेड'. त्याचा अर्थ काम सुरू केलं एवढाच. काम झालं का फसलं, हे त्यानंतर कळतं, आणि तोवर माणूस दिवा मालवून जिना उतरलेला असतो.

काम का फसत होतं तेही सांगतो, कारण नेमकं याच ठिकाणी बहुतेकांचं चुकतं. पीजीअ‍ॅडमिन स्वतः बॅकअप घेत नाही. ते पीजी डंप नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालवतं. तो प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून उचलायचा हे 'प्रेफरन्सेस', 'पाथ्स', 'बायनरी पाथ्स' इथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे तिथे ९.६ चं जुनं बिन फोल्डर, म्हणजे त्या आवृत्तीचे प्रोग्रॅम असलेलं, राहून गेलं होतं. पीजी डंप आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायला साफ नकार देतो. त्यानं फाइल उघडली, सर्व्हरची आवृत्ती पाहिली आणि काम सोडून दिलं. रिकामी फाइल तेवढी मागे राहिली.

तेव्हा नियम असा: पीजी डंप सर्व्हरच्या आवृत्तीचा किंवा त्याहून नवा हवा. नवा असला तर बिघडत नाही. आजचे पीजी डंप ९.२ पर्यंतच्या जुन्या सर्व्हरचा बॅकअप घेतात. बायनरी पाथ्समध्ये प्रत्येक आवृत्तीसमोर जागा असते. तुमच्या सर्व्हरच्या आवृत्तीसमोर तिचंच बिन फोल्डर द्या आणि शेजारचं तपासणीचं बटण दाबा. सापडलेल्या प्रोग्रॅमांच्या आवृत्त्या ते दाखवतं. सर्व्हर अपग्रेड केलात की त्याच दिवशी, त्याच बैठकीत, हे पुन्हा तपासा. उद्यावर टाकू नका, मी टाकलं होतं.

फॉरमॅट 'कस्टम' निवडा. 'प्लेन' निवडायला सांगणारे लोक भेटतात, म्हणे उघडून वाचता येतं. वाचनालयाच्या बारा हजार पुस्तकांची यादी नोटपॅडमध्ये वाचून करायचंय काय? कस्टम फाइल दाबलेली असते, लहान असते आणि तिच्यातून एकच टेबलही परत काढता येतं. शिवाय बॅकअप परत भरणारा पीजी रिस्टोअर हा प्रोग्रॅम प्लेन फाइल स्वीकारतच नाही.

बॅकअप सुरू केल्यावर 'प्रोसेसेस' टॅबमध्ये जा आणि तपशील उघडा. नेमकी कुठली आज्ञा चालली, कुठल्या फोल्डरमधला पीजी डंप वापरला आणि शेवटी काम पुरं झालं का, हे तिथे दिसतं. मग फाइलचा आकार पाहा. काल अठरा एमबी आणि आज दोन एमबी असेल तर घरी जाऊ नका.

पतपेढीत वेगळीच अडचण आली. तिथे पीजीअ‍ॅडमिन सर्व्हर मोडमध्ये आहे, म्हणजे एका मशीनवर बसवलेलं आणि बाकीचे ब्राउझरमधून वापरणारे. तिथल्या कारकुनानं बॅकअप घेतला आणि आपल्या संगणकावर शोधत बसला. सर्व्हर मोडमध्ये फाइल सर्व्हरवरच, तुमच्या नावाच्या साठवणीत पडते. 'टूल्स' मेनूतल्या 'स्टोरेज मॅनेजर'मधून ती उतरवून घ्यावी लागते. उतरवली नाही तर डेटा आणि बॅकअप दोन्ही एकाच डिस्कवर राहतात, आणि त्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही.

एका डेटाबेसच्या बॅकअपमध्ये युजर म्हणजे रोल येत नाहीत, हेही माहीत असू द्या. नव्या मशीनवर फाइल परत भरताना 'रोल अस्तित्वात नाही' असं येतं ते यामुळे. सर्व्हरवर राइट क्लिक करून 'बॅकअप ग्लोबल्स' (रोल त्यात येतात) वेगळं घ्या आणि नव्या जागी आधी ते चालवा. ते नसेलच, तर रिस्टोअरच्या पर्यायांत 'डू नॉट सेव्ह'खाली 'ओनर' चालू करा. सगळी टेबलं मग रिस्टोअर करणाऱ्याच्या नावावर तयार होतात.

परत भरून पाहणं

परत भरून पाहिलेला नसेल तर तो बॅकअप मी धरत नाही. एक नवा रिकामा डेटाबेस करा, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ ८, नाव 'चाचणी'. त्यावरच राइट क्लिक करून रिस्टोअर करा. हात चालू डेटाबेसवर पडला आणि 'क्लीन बिफोर रिस्टोअर' चालू असेल, तर आजचा डेटा पुसून कालचा बसेल, म्हणून बटण दाबण्याआधी चौकटीवरचं नाव मोठ्यानं वाचा. मी अजूनही वाचतो. मग सभासद, पुस्तकं आणि देवघेव या तीन टेबलांतल्या ओळी मोजून मूळ आकड्यांशी ताडा.

आमच्याकडे सभासदांची नावं देवनागरीत आहेत आणि काही पत्ते गुजरातीत. दोन्ही लिप्यांतली दहा-बारा नावं मी डोळ्यांनी पाहतो. अक्षरं बिघडली तर ती बहुधा बॅकअपमध्ये बिघडत नाहीत, एक्सेलमधून आणलेल्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) बिघडतात. एक्सेलमध्ये नुसतं 'सीएसव्ही' म्हणून साठवलं की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती नावं परत मिळत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. आयात करताना 'हेडर' (पहिली ओळ रकान्यांच्या नावांची) चालू ठेवा, कारण एक्सेल अशा फाइलीच्या तोंडाशी एक अदृश्य खूण ठेवतं. हेडर नसेल तर ती पहिल्या ओळीच्या पहिल्या नावाला चिकटते, आणि मग ते नाव शोधून सापडत नाही.

आमचे ते एकवीस दिवस कागदानं वाचवले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या राज्यात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, तिथल्या या वाचनालयात अजूनही देवघेवीची वही लिहिली जाते. ग्रंथपाल बाई आणि मी चार संध्याकाळी बसून वहीतली एकेक ओळ परत भरली. बाईंनी एकदाही मला बोल लावला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

अजूनही जमत नसेल तर

विंडोजवर हलकं साधन हवं असेल तर हायडीएसक्यूएल पोस्टग्रेसशी चालतं. डीबीव्हर चांगलं आहे, पण ते जावावर चालतं, तेव्हा कमी मेमरीच्या संगणकावर फार फरक पडणार नाही. खिडकी कुठलीही वापरा, रोजचा बॅकअप मात्र खिडकीतून घेऊ नका. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये पीजी डंपची आज्ञा लावा आणि पासवर्ड पीजीपास फाइलीत ठेवा, पीजी डंप तो तिथून आपोआप वाचतो. आमच्याकडे आता रोज संध्याकाळी साडेसातला तो आपोआप होतो. बाई जाताना फाइलचा आकार वहीत लिहितात, तारखेसमोर, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी 'चाचणी' डेटाबेस पुसून नव्यानं भरतो.