सेंटरबोर्ड आणि बेलर: या चुका टाळा

पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्या की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओरडतं, "बोर्ड खाली जात नाहीये!" बोर्ड म्हणजे सेंटरबोर्ड, शिडाच्या होडीच्या तळाच्या खाचेतून पाण्यात सोडायचं उभं पातं; वर घेतलं की ते होडीतल्या पेटीत बसतं. मी पोचेपर्यंत त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर आलेला असतो.

आमची एंटरप्राइज, म्हणजे जॅक होल्ट यांच्या १९५६ सालच्या आराखड्यावरची सव्वातेरा फुटी होडी. उलटली की बोर्डावर उभं राहूनच ती सरळ करायची. बोर्डच पेटीत अडकला तर उभं कशावर राहणार?

मुंबई बंदरातला गाळ खाचेत वाळला की विटेसारखा होतो. एका उत्साही पोरानं तिथे चक्क पहार घातली. बोर्ड सुटला, पोरगं खूश. दुसऱ्या दिवसापासून होडीत पाणी. तीन आठवडे सगळे बेलरला, म्हणजे होडीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या तळातल्या झडपेला, शिव्या देत होते, तिचं गॅस्केट (पाणी अडवणारं सील) दोनदा बदललं. शेवटी मी होडी बाकड्यांवर चढवली, खाच खालून पट्टी आणि टेप लावून बंद केली, पेटीत पाणी भरलं आणि बाहेरच्या जोडावर खडूची पूड फासली. दहा मिनिटांत पुडीत केसाएवढी ओली रेघ उमटली. पेटी तळाला जिथे जोडतात, तिथेच चिरली होती. पाच मिनिटांच्या घाईपायी आठवडाभर एपॉक्सीचं काम.

बोर्ड अडकला तर होडी जुन्या टायरवर कुशीवर घ्या, खाचेत पाइपनं गोडं पाणी सोडा, अर्धा तास थांबा, मग बांबूची कामटी फिरवा. नाही सुटला? पुन्हा पाणी, पुन्हा चहा. मी तर प्रत्येक फेरीनंतर खाच धुतो, आणि बोर्डाच्या कडांना ग्रीस न लावता मेणबत्ती घासतो. ग्रीसला वाळू चिकटते. पिव्हॉटचा, म्हणजे बोर्ड ज्यावर फिरतो तो, बोल्ट स्टेनलेसचाच हवा. हंगाम संपला की रबरी वॉशर बदला, पण बोल्ट इतका आवळू नका की पेटीच बोर्डाला चिमटेल.

आता बेलर. ही घरातली मोरी नव्हे! होडी वेगात असली तरच खालचं पाणी आतलं पाणी ओढून नेतं. थांबलात की त्याच वाटेनं समुद्र आत. बेलर उघडा ठेवून, मूरिंगला (पाण्यातल्या नांगरलेल्या बोयाला) होडी बांधून वडापाव खायला गेलेले दोघे मी पाहिलेत. परत आले तेव्हा फळीवर ठेवलेल्या चपला तरंगत होत्या.

किनाऱ्याला लागण्याआधी बेलर बंद, बोर्ड वर. नाहीतर तळाखाली आलेला बेलर वाकलाच.

होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांची बुचं किनाऱ्यावर उघडी, पाण्यात बंद. उलटं करणारेही आहेत.

होडी पाण्यात उतरवण्याआधी बेलर बंद करून त्यावर मगभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. थेंब पडला तर गॅस्केट बदला. वरून सिलिकॉन थापू नका. ते खरवडायला नंतर मलाच बोलावतात.